डब्यात कागद नव्हता

माझा डेस्कटॉप आठवड्यातून दोनदा तरी गाडीत बसतो. चित्रण जिथे होतं तिथेच रात्री बसून संकलन करून द्यायचं, असं माझं काम आहे. लॅपटॉप का घेत नाहीस, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर पाठ झालंय: तासन्‌तास एक्सपोर्ट (संकलित व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) चालला की लॅपटॉप तापून मंदावतो, आणि त्यातला एखादा भाग गेला तर मला तो उघडून बदलता येत नाही. तेव्हा कॅबिनेट उचलायचं, मागच्या सीटवर ठेवायचं, पट्टा लावायचा. पाच वर्षं हे सुरळीत चाललं. मग मी प्रोसेसर बदलला आणि त्यासोबत त्याला थंड ठेवणारा कूलर.

जोडणी करून देणाऱ्याला मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं की हे मशीन सतत हलतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे त्याने ‘तुम्ही तसं बोलला नव्हता’ असं म्हणून पाहिलं. नवा प्रोसेसर होता कोअर आय७-१२७००. इंटेलच्या खोक्यात त्याच्याबरोबर एक कूलर येतो. मी विचारलं, हाच चालेल का? तो म्हणाला, “ताई, हा प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. दोन खड्डे लागले की एखादी सुटणार.” आणि हे खरं आहे. पुश-पिन म्हणतात त्या चार खुंट्या मदरबोर्डाच्या भोकांत नुसत्या अडकलेल्या असतात. एक निसटली की कूलर त्या कोपऱ्यात उचलला जातो आणि प्रोसेसरशी त्याची गाठ नीट राहत नाही. पहिलं वाक्य खरं निघालं म्हणून पुढची मी तपासली नाहीत.

दुसरं वाक्य होतं, “हा प्रोसेसर एकशेऐंशी वॉट खातो, दोन मनोऱ्यांचा मोठा कूलरच लागेल.” (मनोरा म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा उभा गठ्ठा.) हे अर्धं खरं. या प्रोसेसरचा मूळ आकडा ६५ वॉट, आणि पूर्ण जोरात असताना कमाल १८०. पण ती कमाल मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, आपल्याला खाली आणता येते, हे तो बोलला नाही. तिसरं वाक्य, “मागून धातूची प्लेट येते, स्क्रूने आवळतो. बिनधास्त न्या, जागचा हलणार नाही.” हे साफ खोटं.

जोडणी झाल्यावर कूलरचं खोकं माझ्या हातात आलं ते फोडलेलं. आत नुसता थर्माकोल. माहितीपत्रक नाही, उरलेले स्क्रू नाहीत. विचारलं तर, “सगळं बसवलं ना ताई, उरणार काय?” खरं म्हणजे अशा कूलरच्या किटमधले भाग उरतातच. इंटेलच्या बोर्डावर बसवला तर एएमडीच्या (प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी) पट्ट्या उरतात, एएमडीवर बसवला तर इंटेलच्या. काहीच उरलेलं नाही, हाच पुरावा होता आणि तो मी रिकाम्या खोक्यासकट घरी घेऊन आले. निघताना त्याने कॅबिनेटच्या दोन्ही पॅनलांच्या कडेवर एकेक चकचकीत स्टिकर चिकटवला: फाटला तर वॉरंटी रद्द. बिलावर लिहिलं, ‘कूलर, १ नग’.

हे एकाखाली एक लिहिताना मला आता हसू येतं. त्या दिवशी मात्र एकेक गोष्ट सुटीसुटी समोर आली आणि प्रत्येकीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

चौथ्या फेरीला गाडीतून उतरवताना आतून खुळखुळ ऐकू आली. वायर पंख्याला लागत असेल, असं मीच मला समजावलं. त्या रात्री एक्सपोर्ट लावला आणि तीन मिनिटांत पंखे किंचाळायला लागले. तापमान शंभर अंश. हा प्रोसेसर शंभरला पोहोचला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, त्यामुळे मशीन बंद पडलं नाही. नुसतं रांगत राहिलं. काम पहाटे कसंबसं दिलं. त्याला फोन केला तर म्हणाला, “नवीन पेस्ट आहे, सेट व्हायला वेळ लागतो. पॅनल मात्र उघडू नका.” (पेस्ट म्हणजे उष्णता नीट वाहावी म्हणून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती.) मी उघडलं नाही. स्टिकरला घाबरून आणखी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीनंतर पडद्यावर काही आलंच नाही.

मशीन मग ओळखीतल्या एका काकांकडे नेलं. ते आयुष्यभर बोर्ड दुरुस्त करत आलेत. त्यांनी काचेच्या बाजूला हातही लावला नाही. कॅबिनेट फिरवलं, उलट बाजूचं पॅनल काढलं. स्टिकर फाटला त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्याला प्रोसेसरच्या मागे एक मोठी खिडकी कापलेली असते. तिच्यातून कूलरची बॅकप्लेट, म्हणजे बोर्डामागून स्क्रू धरणारी प्लेट, सरळ दिसते. “ये, बघ तुझी धातूची प्लेट,” काका म्हणाले. काळं प्लॅस्टिक होतं. स्क्रू सरकवून हव्या त्या सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची खाच) लावता येतील अशी लांबट भोकं, आणि एक कोपरा तडकलेला. कुठल्यातरी हलक्या, स्वस्त कूलरची प्लेट या धुडाच्या मागे लावून दिली होती.

समोरून उघडल्यावर बाकीचं दिसलं. चारपैकी तीन स्क्रू जागेवर होते, चौथा ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर पडलेला. तीच ती खुळखुळ. चालू मशीनमध्ये तो धातूचा स्क्रू नको तिथे टेकला असता तर काय झालं असतं, ते काकांनी सांगितलं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. उरलेल्या तीन स्क्रूंना स्प्रिंग नव्हत्या. चांगल्या कूलरमध्ये स्प्रिंग असते ती दाब चारही बाजूंना सारखा राहावा आणि धक्क्यातही तो टिकावा म्हणून. इथे साधे स्क्रू, खाली वॉशर. त्याहून वाईट म्हणजे कूलरच्या दोन धातूच्या पट्ट्यांची भोकं कानशीने घासून लांबवलेली होती.

का घासली, ते काकांनी पट्टी लावून दाखवलं. इंटेलच्या जुन्या सॉकेटांना, म्हणजे एलजीए ११५x आणि १२०० यांना, कूलरची भोकं एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर असतात. २०२१च्या शेवटी इंटेलची बारावी पिढी आली, माझा प्रोसेसर त्यातलाच; तिच्या एलजीए १७०० ला ती ७८ वर गेली, आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. त्यामुळे जुना कूलर नव्या बोर्डावर जसाच्या तसा लागत नाही. बऱ्याच कूलर कंपन्यांनी नवे किट काढले, काहींनी जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिले. माझ्या पदरात पडलेला कूलर होता जुन्या साठ्यातला किंवा कुणीतरी परत केलेला, बिनकिटाचा. तीन मिलिमीटर कमी पडत होते, ते माणसाने कानशीने भरून काढले. अडाणीपणा असता तर मी रागावले नसते. पण भोकं घासायची म्हणजे काय कमी आहे हे आधी नीट ठाऊक लागतं.

नुकसान? रॅमचा एक चॅनल गेला. काकांच्या मते बोर्ड वाकून सॉकेटच्या आसपासचा एखादा धागा तुटला असावा. दोनपैकी एका बाजूला रॅम लावली की मशीन उठतच नाही. प्रोसेसर वाचला. त्यांनी २०१५ची आठवण काढली: स्कायलेक प्रोसेसरांची खालची पाटी आधीच्यापेक्षा पातळ होती, आणि सायथ या जपानी कंपनीने तेव्हा सांगितलं होतं की आपले काही कूलर जास्त दाबतात, धक्क्यात नुकसान होऊ शकतं. सायथने बदली स्क्रू फुकट दिले. म्हणजे दाब कमी झाला तर भट्टी, जास्त झाला तर वाकणं. मधली जागा किटमधली ती स्प्रिंग राखते.

वजनाचं गणितही मला तिथेच कळलं. नॉक्टुआ या कूलर कंपनीचा एनएच-डी१५ दोन पंख्यांसह १,३२० ग्रॅमचा आणि १६५ मिलिमीटर उंच. माझं धूड त्याच अंगाचं. कॅबिनेट उभं असतं तेव्हा मदरबोर्ड भिंतीसारखा उभा आणि कूलर त्या भिंतीतून बाहेर काढलेल्या सज्जासारखा. सगळा भार चार स्क्रूंवर, तोही लांबून ओढणारा. टेबलावर ते वर्षानुवर्षं निमूट राहतं, पण गाडी खड्ड्यात आदळली की तेवढ्या क्षणापुरतं तेच वजन दुप्पट-तिप्पट होऊन खेचतं. म्हणूनच नॉक्टुआ स्वतः सांगते की ७०० ग्रॅमपेक्षा जड कूलर वाहतुकीआधी उतरवून ठेवा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. मी तडकलेली प्लेट आणि घासलेल्या पट्ट्या घेऊन त्या जोडणी करणाऱ्याकडे गेले. त्याने त्या हातात घेतल्याही नाहीत. खण उघडला, घडी घातलेलं एक माहितीपत्रक काढलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: संगणक हलवण्यापूर्वी कूलर काढून ठेवावा, वाहतुकीत झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. “बघा ताई, कंपनीच सांगते. तुम्ही न काढता नेलंत.” ते माझ्याच कूलरचं पत्रक होतं. खोक्यातून काढून त्याने ते खणात ठेवलं होतं, याच दिवसासाठी.

मी कंपनीकडेही लिहिलं. उत्तर सभ्य आलं: मॉडेलचं नाव असलेलं खरेदीचं बिल पाठवा, योग्य किट देऊ. माझ्या बिलावर ‘कूलर, १ नग’.

दर फेरीला कूलर काढून पुन्हा लावणं हा सल्ला ऐकायला बरा आहे. करून बघा. दर वेळी जुनी पेस्ट पुसायची, नवी लावायची, स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळायचे. एएमडीच्या एएम४ बोर्डावर तर आणखी पंचाईत: पिना प्रोसेसरला असतात, वाळलेल्या पेस्टमुळे कूलर ओढला की प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. पाच वर्षांतून एकदा घर बदलणाऱ्याने जरूर काढावा. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्याने मुळातच हलका घ्यावा.

मी लिक्विड कूलरचा विचार केला होता. त्यात प्रोसेसरवर फक्त पंपाचा छोटा गट्टू बसतो, रेडिएटरचं वजन कॅबिनेट उचलतं. या हिशोबाने तो प्रवासाला चांगलाच. पण नळ्या, पंप आणि पाणी अशा तीन नव्या काळज्या बोर्डाच्या अगदी शेजारी येतात, आणि रात्री दोन वाजता परक्या खोलीत पंप गेला तर मी काय करणार? पंखा गेला तर दुसरा कुठलाही बांधता येतो. तळहातावर मावणारे, ३७ मिलिमीटर उंचीचे चपटे कूलरही पाहिले. पडण्याची भीतीच नाही, पण ते ६५ वॉटच्या आसपासचे. माझ्या एक्सपोर्टला अपुरे.

शेवटी एका मनोऱ्याचा, १२० मिलिमीटर पंख्याचा, पंख्यासकट साडेसहाशे ग्रॅमच्या आतला घेतला. सीलबंद खोकं माझ्यासमोर फोडलं. धातूची बॅकप्लेट, स्प्रिंगचे स्क्रू, एलजीए १७०० लिहिलेली पिशवी, माहितीपत्रक. एएमडीचे भाग उरले ते मागून घेतले. बिलावर पूर्ण मॉडेल. बायोसमध्ये कमाल मर्यादा १२५ वॉटवर आणली. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. आणि कॅबिनेट आता आडवं, काच वर करून नेते, म्हणजे बोर्ड सपाट राहतो आणि कूलर त्यावर उभा. पोहोचल्यावर चालू करण्याआधी मागच्या खिडकीतून टॉर्च मारते. ही सवय काकांची.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने फोटो पाठवला. मोठा, दोन मनोऱ्यांचा कूलर, खोकं फोडलेलं. ‘तपासून दिलाय म्हणे. घेऊ का?’

मी विचारलं, मागची प्लेट आणि माहितीपत्रक दाखव.

थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘तो म्हणतोय, ते लागत नाही.’