प्रूव्हेची स्टँडर्ड खुर्ची: सगळं उत्तम, बुचं सोडून

फ्रेंच डिझायनर झाँ प्रूव्हेची ही खुर्ची म्हणजे पोलादी पाय आणि प्लायवूडची बैठक. बाकी वर्णन सोडून थेट तिच्या पायांखालच्या बुचांवर येतो. वर्षभराच्या वापरात मागच्या पायांखालची बुचं झिजून पार चपटी झाली आणि भाड्याच्या घरातल्या लाकडी जमिनीवर दोन लांब ओरखडे उठले. पुढची बुचं अजून कोरी करकरीत!

आता गंमत बघा. प्रूव्हेने १९३४ साली ही खुर्ची आखली तीच या हिशोबाने. माणूस टेकून बसला की खरा भार मागच्या पायांवर येतो. म्हणून पुढचे पाय साध्या पोलादी नळीचे, तर मागचे पत्रा दुमडून केलेले, आतून पोकळ, बैठकीपाशी रुंद आणि खाली निमुळते. पायांचा एवढा विचार, आणि सगळा भार शेवटी त्या इवल्याशा बुचावर. दुकानदार म्हणतो, झीज वॉरंटीत बसत नाही आणि बुचं चारच्या संचातच मिळतील. ईमेलवर ईमेल करून झाले, शेवटी पैसे मोजले. दोन लावली, दोन ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

बैठकीलाही नावं ठेवणार होतो: गादी नाही, प्लायवूड टणक, एवढ्या पैशांत साध्या सहा खुर्च्या आल्या असत्या. पण जेवण झाल्यापासून हे तिच्यावरच बसून लिहितोय आणि कंबर अजून कुरकुरलेली नाही. तेव्हा ती तक्रार रद्द. किमतीची मात्र कायम. शार्लोट पेरियाँ या फ्रेंच डिझायनरने पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी आखलेली, प्रूव्हेच्याच कारखान्यात बनलेली शेल्फंसुद्धा आता लिलावात श्रीमंतांकडे जातात.

मी राहतो फ्रान्समधल्या नान्सीत, म्हणजे प्रूव्हेच्याच गावात. जवळच्या माक्सेव्हिलमधला त्याचा कारखाना १९५३ मध्ये हातचा गेल्यावर त्याने इथल्या एका उभ्या चढावर, कारखान्यातल्या उरल्यासुरल्या भागांतून स्वतःचं घर उभारलं. उन्हाळ्यात आत जाऊन बघता येतं, चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना तेव्हा हीच खुर्ची त्याने अख्खी लाकडात केली होती. (ती माझ्या जमिनीला मानवली असती.)

घ्यायची तर जरूर घ्या, पण पहिल्याच दिवशी मागच्या पायांखाली जाड फेल्ट चिकटवा. घर सोडताना मालक डिपॉझिटमधून किती कापतो, ते कळलं की आकडा टाकतो.