बाळगुटीची पेटी : माल चांगला, पत्रक भलतंच

लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि जावयाने हौसेने अ‍ॅपवरून बाळगुटीची, म्हणजे उगाळून बाळाला चाटवायच्या काष्ठौषधींची, पेटी मागवली. साडेचारशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी माल. मुरुडशेंग अख्खी, पीळ घट्ट, तुकडा पडलेला नाही. हळकुंड मोडून पाहिलं, आत चांगलं केशरी. सुंठेला कीड नाही. बाळहिरडा काळा, टणक, म्हणजे कोवळाच वाळवलेला. पिवळा मोठा हिरडा खपवलेला नाही, हे विशेष. वेखंडाचा वास पेटी उघडताच नाकात गेला. ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष, जायफळ, मायफळ, सगळं वेगवेगळ्या कापडी पुरचुंडीत नाव घालून दिलंय. हे मला फार आवडलं. तयार पावडरीत काय कुटलंय ते देव जाणे, इथे प्रत्येक वस्तू हातात घेऊन ओळखता येते.

मायफळाला पत्रकात ‘औषधी फळ’ म्हटलंय. ते फळ नव्हेच. ओकच्या झाडावर एक बारीक माशी अंडी घालते, त्यामुळे फांदीला गाठ येते, ती ही. नीट पाहा, माशी बाहेर पडल्याचं टाचणीएवढं भोकही दिसेल.

सहाण मात्र टाकाऊ. ओलं बोट फिरवलं तर कच हाताला लागते. ही कच बाळाच्या पोटात जाणार? आमची जुनी सहाण काढली.

पण खरा राग पत्रकाचा. ‘जन्मापासून रोज, प्रत्येकाचे चार वळसे, मधातून.’ वळसा म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवून उगाळणं. अहो, जायफळाचेही चार? आमच्या सासूबाई जायफळाचा जेमतेम अर्धा वळसा द्यायच्या, तोही रोज नाही. जायफळाने पोर गुंगतं, ते जास्त झालं की विषच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. वेखंडही पोटात द्यायचं म्हणतात. अमेरिकेने ते खाण्याच्या पदार्थांत घालायला १९६८ सालीच बंदी केली. आमच्याकडे न्हाऊ झाल्यावर त्याची पूड टाळूला लावायचे, इतकंच. आणि डॉक्टरीणबाईंनी लेकीला बजावलंय, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. त्यामुळे नातवाने अजून पेटीचा वासही घेतलेला नाही.

मग वापरतंय कोण? जावई. गॅसेसचा त्रास आहे त्यांना. रात्री सुंठ आणि मुरुडशेंग उगाळून कोमट पाण्यातून घेतात आणि ‘आई, बरं वाटतंय हो’ म्हणतात.

मालाला चार तारे, सहाणेला एक, पत्रकाला शून्य. तुमच्या गावात काष्ठौषधीचं दुकान असेल तर तिथून हवं तेवढंच सुटं घ्या, स्वस्त पडेल. पेटी मागवलीच, तर पत्रक आधी फाडा आणि बाळाला काही चाटवण्याआधी डॉक्टरांना विचारा.