बिटकॉइनची साखळी पोस्टग्रेसमध्ये: नऊ महिन्यांनंतर

सुरुवात आमच्या सोसायटीतल्या सीए काकांमुळे झाली. त्यांच्या एका क्लायंटने २०१७ साली घेतलेले बिटकॉइन विकले होते. "नफ्यावर सरळ ३० टक्के कर जातो रे, वजावट मिळते ती फक्त खरेदी किमतीची. तुझ्या त्या साखळीत सगळं लिहिलेलं असतं ना? मग काढून दे की." मी हो म्हणून बसलो, आणि बिटकॉइनची अख्खी साखळी, म्हणजे ब्लॉकमागून ब्लॉक जोडलेली सगळ्या व्यवहारांची सार्वजनिक नोंदवही, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायला घेतली.

कर्वेनगरमधल्या घरात जुना डेस्कटॉप होता, ३२ जीबी रॅमचा. टिळक रोडवरून ४ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणली. आधी साध्या हार्ड डिस्कवर करून पाहिलं होतं, त्यात आठवडा वाया गेला. बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर पूर्ण नोड म्हणून, म्हणजे सगळी साखळी स्वतःकडे उतरवून तपासणारं, लावलं, टीएक्सइंडेक्स (कुठलाही व्यवहार त्याच्या आयडीवरून शोधायची सोय) चालू ठेवून. नुसत्या ब्लॉकच्या फाइलीच ६०० जीबीच्या वर जातात, आणि टेबलं अन् इंडेक्स धरून माझ्याकडे तो आकडा दुपटीच्या पुढे गेला. जागेचा हिशेब आधी करा.

मूळ रचना सोपी वाटते: ब्लॉक, व्यवहार, इनपुट (व्यवहारात खर्चलेले आधीचे पैसे), आउटपुट (त्यातून पुढे गेलेले पैसे) अशी चार टेबलं. व्यवहाराच्या टेबलाला टीएक्सआयडी, म्हणजे व्यवहाराच्या मजकुरावरून काढलेला हॅश (ठसा), हीच प्रायमरी की, म्हणजे दोनदा येऊ न शकणारी ओळख. ३२ बाइटचा हॅश, त्याहून वेगळं काय असणार? कॉपी कमांडने भराभर डेटा ओतत होतो आणि ९१८४२ व्या ब्लॉकवर गाडी अडली: डुप्लिकेट की. दोन रात्री मी ब्लॉकच्या फाइली वाचणाऱ्या माझ्याच पार्सरला शिव्या घातल्या. बाइट उलटे वाचतोय का, एकच ब्लॉक दोनदा घेतोय का, सगळं तपासलं. पार्सरचं काही चुकलं नव्हतं. २०१० मधल्या साखळीत खरोखरच दोन जुळ्या जोड्या आहेत: ९१८१२ चा कॉइनबेस व्यवहार (ब्लॉक बनवणाऱ्याला नवी नाणी देणारा, ब्लॉकमधला पहिला) ९१८४२ मध्ये जसाच्या तसा आलाय, ९१७२२ चा ९१८८० मध्ये. कॉइनबेसमध्ये मागच्या कुठल्या आउटपुटचा संदर्भ नसतो. पत्ता, रक्कम आणि बाकीचा मजकूर सारखा असला की हॅशही सारखाच निघतो. पुढे २०१२ मध्ये आधी असे जुळे नाकारायचा नियम आला आणि मग २०१३ मध्ये कॉइनबेसमध्ये ब्लॉकची उंची (साखळीतला क्रमांक) लिहिणं सक्तीचं झालं.

मी ब्लॉकची उंची आणि ब्लॉकमधला क्रमांक मिळून की केली. टीएक्सआयडीवर साधा, युनिक नसलेला इंडेक्स. इनपुट टेबलात ३२ बाइटच्या हॅशऐवजी छोटे आकडे आल्यामुळे जॉइनही हलके झाले. अर्थात न खर्चलेल्या आउटपुटची आंधळी बेरीज केलीत तर किमान १५० बिटकॉइन जास्त निघतील: २००९ च्या पहिल्या ब्लॉकचे ५० कुणालाच खर्चता येत नाहीत, आणि जुळ्यांमधल्या आधीच्या दोघांचे १०० नंतरच्यांनी पुसले. नोडने मुकाट्याने पचवलेली ही गोष्ट मला टेबलावरच्या एका कन्स्ट्रेंटने (अटीने) दाखवली. रिलेशनल डेटाबेसवर माझा जीव जडला तो इथे.

दुसरा धडा मात्र शंभर टक्के माझ्या मूर्खपणाचा. वेग वाढावा म्हणून भरतीची टेबलं अनलॉग्ड (बदलांचा लॉग न लिहिणारी) ठेवली होती. गुरुवारी सकाळी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुणेकर असून विसरलो. मशीन परत चालू झाल्यावर टेबल जागेवर होतं, पण त्यात ओळी शून्य. क्रॅशनंतर पोस्टग्रेस अनलॉग्ड टेबल रिकामंच करतं, आणि मॅन्युअलमध्ये तसं स्वच्छ लिहिलंय. अकरा दिवसांची भरती गेली. इन्व्हर्टर त्याच संध्याकाळी आला.

बाकीचं थोडक्यात सांगतो. रक्कम सातोशीतच (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग), बिगइंट या मोठ्या पूर्णांकात ठेवा. २.१ कोटी नाण्यांचे सगळे सातोशी त्यात आरामात मावतात. नोडच्या जेसनमधली दशांशातली रक्कम फ्लोटमध्ये वाचू नका. ब्लॉकच्या वेळेवरून क्रम लावू नका, पुढच्या ब्लॉकची वेळ मागच्याच्या आधीची असू शकते. क्रम उंचीवरून. स्क्रिप्टवर (आउटपुट खर्चायची अट) थेट बी-ट्री इंडेक्स, म्हणजे पोस्टग्रेसचा नेहमीचा इंडेक्स, टाकलात तर २७०४ बाइटच्या मर्यादेवर एखादी लांबलचक स्क्रिप्ट आपटतेच, म्हणून स्क्रिप्टच्या हॅशवर इंडेक्स केला. आणि शेंड्याच्या सहा ब्लॉक मागे राहा, नाहीतर साखळीने फांदी बदलली की ओळी उपटत बसाल.

क्वेरीचा अनुभव? ठरावीक व्यवहार शोधायला झकास. २२ मे २०१० चा तो १०,००० बिटकॉइनचा पिझ्झावाला व्यवहार माझी चाचणी आहे: १३१ इनपुटची बेरीज, वजा आउटपुट, फी ०.९९ बिटकॉइन. एंटर दाबेपर्यंत उत्तर. पण "हे पैसे कुठून आले" म्हणून रिकर्सिव्ह क्वेरी (व्यवहारामागून व्यवहार मागे जाणारी) सोडली की चार-पाच पायऱ्या ती गुणी बाळासारखी वागते, मग एखाद्या एक्सचेंजच्या मोठ्या वॉलेटला धडकते आणि डिस्कचा दिवा विझतच नाही. खोलीला मर्यादा घालाच. सगळ्या साखळीवरच्या महिनावार बेरजा हेही याचं काम नाही, तिथे क्लिकहाउससारखा कॉलमवार डेटाबेस बरा.

पुन्हा करेन का? अख्खी साखळी नाही. नोड ठेवेन, आणि लागतील तेवढ्याच उंचीचे तुकडे टेबलात घेईन. सध्या तसंच चाललंय, अर्धी डिस्क मोकळी झाली.

काकांचं काम झालं, पण अर्धंच माझ्याकडून. त्यांना हवा होता रुपयांतला भाव, आणि तो साखळीत नसतोच. मी त्यांना व्यवहाराची तारीख, उंची आणि सातोशीतली रक्कम छापून दिली. त्या तारखेच्या तीन दिवस आधीची खरेदीची नोंद क्लायंटच्या जुन्या बँक स्टेटमेंटमध्ये सापडली. काकांनी चष्मा वर करून दोन्ही कागद शेजारी धरले, एकत्र टाचले आणि चहा मागवला.