बिकरस्टाफ एन्सेफलायटिस: आयव्हीआयजी की प्लाझ्मा बदलणं?

ऐरोलीच्या एका ताईंच्या लेकाला ब्रेनस्टेमची (मेंदूच्या देठाची) ही सूज आहे. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितलेत: आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीज शिरेतून देणं, किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग मशीनने काढून बदलणं. त्या गोंधळल्यात.

ताई, अँटी-जीक्यू१बीच्या (या आजारात सापडणाऱ्या अँटीबॉडीच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी उपचार अडवू नका. डोळे न फिरणं, तोल जाणं, गुंगी यांवरून निदान होतं. एमआरआय बरेचदा नॉर्मलच येतो.

खर्च: आयव्हीआयजी वजनावर, किलोमागे साधारण २ ग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ३० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ६ बाटल्या. प्लाझ्मात पैसा जातो किट, अल्ब्युमिन (काढलेल्या प्लाझ्माच्या जागी भरायचं प्रथिन) आणि आयसीयूवर.

त्रास: खरा फरक इथे. आयव्हीआयजी हाताच्या साध्या सुईतून २ ते ५ दिवसांत जातं. ताप, डोकेदुखी होऊ शकते. प्लाझ्मासाठी मानेत किंवा जांघेत जाड नळी लागते, रक्त मशीनमधून फिरतं आणि चिमुकल्यांचं बीपी घसरू शकतं.

गुण: गिलाँ-बारेमध्ये (नसांवर हल्ला होणारा, याच्याच जवळचा आजार) दोन्ही जवळपास सारखे ठरलेत, इथेही त्याचाच आधार. पण आयव्हीआयजीनंतर लगेच प्लाझ्मा बदलला तर दिलेलं औषधच बाहेर जातं.

लहान, कमी वजनाच्या मुलाला मी आयव्हीआयजीच म्हणेन. ते चालत नसेल आणि मुलांच्या आयसीयूत सराईत टीम असेल, तर प्लाझ्मा. वाशी असो वा ठाणे, गिळता येईना किंवा श्वास उथळ झाला तर आधी आयसीयू गाठा.