लिनक्स लॅपटॉपसाठी वायफाय कार्ड: एएक्स२१०, एमटी७९२२ की आरटीएल८८५२बीई?

लॅपटॉपमधलं कार्ड बदलून लिनक्सवरच काम करायचं असेल, तर सहसा या तिघांतून निवड होते: इंटेल एएक्स२१०, मीडियाटेक एमटी७९२२ (एएमडीच्या लॅपटॉपमध्ये हेच आरझेड६१६ या नावाने येतं) आणि रिअलटेक आरटीएल८८५२बीई. खोक्यावरचा वेग बघून ठरवू नका, आपल्या डिस्ट्रोचा (उबंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सचा) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, किती नवा आहे ते बघा. टर्मिनलमध्ये 'यूनेम -आर' दिलं की कर्नलच्या आवृत्तीचा आकडा कळतो.

| | एएक्स२१० | एमटी७९२२ | आरटीएल८८५२बीई |
|---|---|---|---|
| ड्रायव्हर | आयडब्ल्यूएलवायफाय | एमटी७९२१ई | आरटीडब्ल्यू८९ |
| कर्नल | ५.१० पासून | ६.१ असल्यास निर्धास्त | ६.२ पासून |
| चॅनेलची रुंदी | १६० मेगाहर्ट्झ | १६० मेगाहर्ट्झ | ८० मेगाहर्ट्झ |
| डेबियन १२ मधलं फर्मवेअर पॅकेज | फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय | फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री | फर्मवेअर-रिअलटेक |

ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलसोबत येतो, फर्मवेअर (कार्डातच चालणारा प्रोग्रॅम) मात्र 'लिब' फोल्डरमधल्या 'फर्मवेअर'मध्ये वेगळ्या फायलींत असतं. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर 'एलएसपीसीआय -एनएनके' या कमांडच्या यादीत कार्ड दिसतं, पण वायफाय सुरू होत नाही. त्या यादीत कार्डाखाली 'वापरात असलेला ड्रायव्हर' ही ओळच नसेल, तर बहुधा कर्नल जुना आहे. ड्रायव्हर दिसतो पण नेटवर्क नाही, अशा वेळी 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) फर्मवेअरची तक्रार शोधा.

एएक्स२१० मध्ये ही तक्रार पुष्कळांना उगाच घाबरवते. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नव्या आवृत्तीची फाइल मागतो आणि ती मिळाली नाही की एकेक पायरी खाली येतो. त्यामुळे 'एरर -२' (म्हणजे फाइल नाही) च्या दोन-चार ओळी येऊन पुढे फर्मवेअर लोड झाल्याची नोंद असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. योग्य फर्मवेअर सापडलंच नाही, असा शेवट असेल तेव्हाच पॅकेज टाका. या कार्डाची खरी मर्यादा वेगळीच आहे: ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट. कोणत्या देशाचे नियम लावायचे हे इंटेलचं फर्मवेअर स्वतः ठरवतं आणि त्या पट्ट्यात आपणहून प्रक्षेपण सुरू करू देत नाही. ते बंद करणारा 'एलएआर-डिसेबल' पर्याय कर्नल ५.५ मध्ये काढून टाकला गेला. लॅपटॉपचा किंवा छोट्या पीसीचा राउटर करायचा असेल, तर एमटी७९२२ घ्या.

एमटी७९२२ ची दुखरी बाजू म्हणजे वीजबचत. झोपेतून उठल्यावर कार्ड गायब होतं आणि 'डीमेसेज'मध्ये 'ड्रायव्हर ओन फेल्ड' दिसतं. नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. मशीन पूर्ण बंद करून चार्जर काढावा लागतो. वारंवार घडत असेल, तर मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये एमटी७९२१ई साठी 'डिसेबल-एएसपीएम=१' ठेवा (मधली रेघ अंडरस्कोर). बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण कार्ड टिकून राहतं.

आरटीएल८८५२बीई मुद्दाम विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लॅपटॉपसोबत आलंच असेल, तर नव्या कर्नलवर ते चालतं. डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नल आहे, म्हणजे हुकलं तेही एकाच आवृत्तीने. तिथे बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी तयार केलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही घ्या. बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाने बसवण्याचा मार्गही आहे, पण प्रत्येक कर्नल अपडेटला तो नव्याने कंपाइल होतो. त्या कर्नलचं हेडर पॅकेज नसेल, तर कंपाइल अडतं, वायफाय जातं आणि दुरुस्तीसाठी लागणारं इंटरनेटही त्यासोबत जातं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल, तर मॉड्यूलवर, म्हणजे त्या ड्रायव्हरवर, सही करून सहीची किल्ली 'मोकयूटिल' कमांडने नोंदवावी लागते. इंटरनेट गेलंच, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

विंडोजही त्याच मशीनवर असेल, तर कार्ड कोणतंही असो, विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज कार्ड अर्धवट अवस्थेत सोडतं आणि लिनक्सला ते जागं करता येत नाही.

मागवताना नंबर नीट वाचा. एएक्स२११ दिसायला तसंच असलं, तरी ते सीएनव्हीआय प्रकारचं आहे: ठरावीक इंटेल प्रोसेसरशिवाय चालत नाही, एएमडीवर तर मुळीच नाही. ब्लूटूथ त्याच स्लॉटमधल्या यूएसबी तारांवरून चालतं. म्हणून वायफाय सुरू होऊन ब्लूटूथ दिसत नसेल, तर त्या स्लॉटला यूएसबी जोडलेलं आहे का, ते आधी तपासा.