कुंपण घालायला आला आणि झाडं घेऊन गेला

आधीच सांगतो, मी काही अडाणी नाही. तीन दरपत्रकं मागवली होती, कागद केला होता, पैसे बँकेतून दिले होते. तरीही 3,80,440 रुपये गेले, वर उभं लाकूड गेलं, आणि गुरं अजून दावणीलाच आहेत.

जमीन झाडीची. तिच्या एका भागात गुरं मोकळी सोडायची म्हणून 1,140 मीटरचं कुंपण ठरलं. पाच पदरी साधी जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, 12 गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, तो वाढतो तशी तार बारीक होते), दर तीन मीटरला खांब. दर मीटरला 410 रुपये, म्हणजे एकूण 4,67,400. साठ टक्के आगाऊ म्हणजे 2,80,440, आणि ‘तार येऊन पडली’ म्हणून पुढे आणखी एक लाख. आगाऊ उचलायची, थोडं काम दाखवायचं, दुसरा हप्ता काढायचा आणि फोन बंद करायचा, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होता. म्हणून तर माझं सगळं लक्ष पैशांवर होतं, आणि कुंपणाच्या ठेकेदाराचा डोळा होता झाडांवर.

बाकी दोघांच्या दरपत्रकात झाडी साफ करण्याचा खर्च वेगळा लावला होता आणि तो चांगलाच चटका देणारा होता. याच्या कागदावर लिहिलं होतं: ‘रेषेची सफाई विनामूल्य, निघालेला माल ठेकेदार उचलेल.’ मला वाटलं, माल म्हणजे काटक्याकुटक्या. उलट बरंच झालं, कचरा नेण्याचा खर्च वाचला! तुम्हीही हेच म्हणाला असता. झाडीत कुंपण घालताना तारेपेक्षा सफाई भारी पडते. ते काम कुणी फुकट करत असेल, तर त्याचा मोबदला तो दुसरीकडून घेणार आहे. हे आज मी कुणालाही सांगू शकतो. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आणि ते तांबडे पट्टे. ते आठवले की अजून डोकं फिरतं. त्याच्या माणसांनी तोडायच्या झाडांवर रंग मारला, तेव्हा मी सोबत फिरत होतो. कुंपणाच्या रेषेवरच एक वाळलेलं, कललेलं, बुंध्यात पोकळ झालेलं झाड होतं. त्याला रंग नाही. रेषेपासून लांब, सरळसोट, दोन हातांच्या कवेत न मावणारं झाड मात्र तांबडं! झाडीतल्या कुंपणाचा खरा शत्रू म्हणजे मेलेलं, कललेलं झाड. वाऱ्यात ते तारेवर कोसळतं आणि त्या फटीतून जनावरं बाहेर पडतात, म्हणून तोडायचं तर तेच आधी. मी विचारलंही, “हे एवढं लांबचं झाड कशाला?” तो म्हणाला, “साहेब, याची मुळं रेषेपर्यंत येतात, पुढे खांब उचलतील.” इतक्या ठामपणे म्हणाला की पुढे काय बोलणार? कुंपण घालणारा तो, मी नव्हे. माणूस विचारतो, उत्तर मिळतं, गप्प बसतो. पण वाकडं एकही झाड रंगवलेलं नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. समोर!

दुसरी खूण म्हणजे आधी करवती आणि ट्रक आले, खांबांचा पत्ता नाही. कुंपणवाल्याने खांब, तार आणि ताणायचं यंत्र आणायला हवं. ओंडके भरायला क्रेन कशाला लागते?

ट्रक गेल्यावर जे ‘कुंपण’ उभं राहिलं ते 312 मीटर. तार व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापाने मोजली, 2.03 मिलिमीटर भरली, म्हणजे 14 गेज. 12 गेज 2.64 असते. फरक किरकोळ वाटतो, पण वजनात बघा: माझ्या पूर्ण कामाला 12 गेजची साधारण 245 किलो तार लागली असती, 14 गेजची 145 किलोत भागते. तार मीटरवर घेऊ नका, बंडल काट्यावर चढवा. खांब म्हणे ‘प्रक्रिया केलेले’, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेले होते. एक आडवा कापला, तर हिरवा रंग नखाएवढा आत, पुढे कोरं लाकूड. कापून बघितल्याशिवाय लाकडी खांबाचे पैसे देऊच नका. कोपऱ्याच्या खांबांना टेके नाहीत, त्यामुळे तार ताणली तसे ते आत झुकले. काही ठिकाणी तर खांबच नाहीत, तार थेट जिवंत झाडांना यू खिळ्यांनी ठोकलेली. झाड जाड होत जातं तशी तार सालीत गिळली जाते, वाऱ्याने खिळे सैल होतात, आणि पुढे त्या झाडावर करवत चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. नाइलाजच असेल तर झाडाला आधी फळी ठोका आणि तार फळीवर घ्या.

थोटकं मोजली, 47. रेषेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सफाई ठरली होती, थोटकं 11 मीटरपर्यंत आहेत. लाकूड मोजणाऱ्या एका जाणकाराला नेलं. शेंडे तिथेच पडले होते. थोटकापासून शेंड्यापर्यंतच्या अंतरावरून त्याने खोडांची लांबी धरली, थोटकांवरून गोलाई, आणि आकडा काढला 6,10,000 रुपये. म्हणजे मी त्याला पैसे देऊन माझीच झाडं चोरायला बोलावलं.

पोलीस म्हणाले, कागद आहे, हा दिवाणी वाद, कोर्टात जा. मी म्हटलं, चोरी आहे. तर कागदावरची ‘निघालेला माल ठेकेदार उचलेल’ ही ओळ मलाच वाचून दाखवली. दुसऱ्या टेबलावर गेलो तर म्हणे, ज्याच्या हद्दीत ट्रक अडवला असता त्याचं हे काम. अडवला असता! अडवला कुणी? झाडांची तक्रार घेऊन पुढच्या कार्यालयात गेलो, तर तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न: तोडायची परवानगी कुणाच्या नावावर घेतली होती? ठेकेदार म्हणाला होता, ‘ते आमच्याकडे लागलं.’ काहीच नव्हतं. झाडं माझ्या जमिनीवरची, म्हणून खुलासा माझ्याकडून मागवला. लाकूड त्याच्या ट्रकमध्ये आणि नोटीस माझ्या दारात! मी ट्रकचे फोटो दिले, नंबर दिसतात. फाइलला लावले. फाइल कुठे आहे विचारलं की साहेब बैठकीत. ग्राहक तक्रारीचा अर्ज दिला, तर त्यावर आक्षेप असा की लाकडाची किंमत सेवेत मोडत नाही. एका खिडकीला फक्त कुंपण दिसतं, दुसरीला फक्त झाडं, आणि दोन्ही एकाच माणसाने केलं हे कुणालाच दिसत नाही.

परवानगी स्वतःच्या नावाने, स्वतः जाऊन काढा. कुठलं झाड पडणार ते तुम्ही रंगवा, प्रत्येकावर क्रमांक टाका, फोटो घ्या. निघालेल्या लाकडाचा मालक कोण, ही ओळ कागदावर तुमच्या हाताने लिहा. पैसे उभ्या कुंपणाच्या मीटरवर द्या, पडलेल्या तारेवर नव्हे.

ठाण्यातला एक हवालदार बाहेर येऊन हळूच म्हणाला, “एकटे आलात तर वाद, चौघं एकाच माणसाविरुद्ध आलात तर गुन्हा.” म्हणून, ‘सफाई विनामूल्य’ लिहिलेला असा कागद तुमच्याही कपाटात असेल तर लाजेपोटी फाडू नका. मीही फाडायला निघालो होतो.