एन्लार्जरची लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर: ईएल-निक्कॉर ५० मिमी, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मामांच्या साताऱ्यातील घराच्या माळ्यावरून एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडण्याचे डार्करूममधले यंत्र, खाली उतरवला, तेव्हा तो भंगारात द्यायचा की ठेवायचा एवढाच प्रश्न होता. मामांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. दिव्याची वायर उंदरांनी कुरतडली होती आणि बेलोजला, म्हणजे लेन्स वरखाली करणाऱ्या घडीच्या भात्याला, चिरा गेल्या होत्या. लेन्स मात्र मामांनी दुकान आवरतानाच काढून, पिवळ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, तांदळाच्या पुरचुंडीसह एका स्टीलच्या डब्यात ठेवली होती. तांदळाचे पीठ झाले होते. काच मात्र उजेडासमोर धरून पाहिली तर आत बुरशीचा एकही धागा नव्हता.

लेन्स निकॉनची, ईएल-निक्कॉर ५० मिमी एफ २.८, जुन्या धातूच्या बांधणीची आहे. चार गटांत सहा भिंगे, २.८ ते १६ पर्यंतचे ॲपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि मागे ३९ मिमी व्यासाचा स्क्रूचा आटा, एवढाच तिचा पसारा. निकॉनने २००६ मध्ये एन्लार्जरच्या लेन्स बंद करत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे आता जे मिळते ते सगळे वापरलेलेच असते. गेले अकरा महिने मी ती २४ मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी सेन्सरच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सोनी ई-माउंट कॅमेऱ्यावर वापरत आहे आणि हा अनुभव त्या जोडीचा आहे.

ज्यांनी डार्करूम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. एन्लार्जरच्या लेन्सचे काम म्हणजे ३५ मिमीची चपटी निगेटिव्ह समोरच्या चपट्या कागदावर मोठी करून पाडणे. त्यामुळे चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी सारखीच धार यावी, सरळ रेषा सरळच राहाव्यात, याकडे तिच्या रचनेत सर्वाधिक लक्ष दिलेले असते. ही विशिष्ट लेन्स २ ते २० पट मोठे करण्यासाठी, आणि त्यातही ८ पटीच्या आसपास उत्तम चालावी अशी आखलेली आहे. तिला फोकसची रिंग नसते, कारण फोकस एन्लार्जरचे बेलोज वरखाली करून होतो. शटर नसते, कारण तिथे शटरचे काम टायमर करतो. म्हणून कॅमेऱ्यावर बसवताना फोकसची सोय आपल्यालाच करावी लागते आणि निम्मा खर्च तिथेच होतो.

माझी जुळणी अशी आहे: कॅमेऱ्यावर एम४२ (४२ मिमी व्यासाच्या) आट्याचा पातळ अडॅप्टर, त्यावर २५ ते ५५ मिमी लांब होणारी हेलिकॉइड, म्हणजे फिरवून लांब-आखूड करता येणारी फोकसची नळी, त्यावर ३९ वरून ४२ वर नेणारी कडी आणि मग लेन्स. लांबच्या दृश्यांसाठी १७ ते ३१ मिमीची आखूड हेलिकॉइड वेगळी ठेवली आहे. कॅमेऱ्याला लेन्स बसवल्याचे कळतच नाही, त्यामुळे मेनूमध्ये जाऊन ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ हा पर्याय निवडावा लागतो. फोटोच्या माहितीत ॲपर्चरची नोंदही येत नाही, म्हणून मी शेजारी वही ठेवतो. लेन्स फुकट मिळाली आणि सगळ्या कड्या-नळ्यांवर सुमारे साडेचार हजार रुपये गेले, हे घरात अजून पूर्णपणे समजावून सांगता आलेले नाही.

त्या साडेचार हजारांतले काही वाया गेले. पहिली कडी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. ती दोन फेरे नीट बसली आणि तिसऱ्या फेऱ्याला अडकली. मी जोर लावला नाही हे माझे नशीब. एन्लार्जर लेन्सचा आटा इंचाला २६ फेऱ्यांचा असतो, म्हणजे दोन फेऱ्यांतले अंतर जवळजवळ ०.९८ मिमी, आणि ती कडी सरळ १ मिमीच्या हिशेबाने कापलेली होती. फरक डोळ्यांना दिसत नाही, आट्याला मात्र लगेच समजतो. विक्रेत्याने ‘३९ म्हणजे ३९’ असे उत्तर पाठवले आणि परत घेण्यास नकार दिला. कडी घेताना व्यासाबरोबर आट्याचे मापही लेखी विचारून घ्यावे.

आता मुख्य कामाकडे येतो. डब्याशेजारीच मामांच्या निगेटिव्हचे पाच खोके होते, आणि ही लेन्स मी प्रथम त्यांच्यासाठीच वापरली. एन्लार्जरचे डोके काढून टाकले, दांड्यावरच्या सरकत्या पकडीवर कॅमेरा खाली तोंड करून बसवला, फळीवर एलईडीचा रंगांना प्रामाणिक असा पॅनेल ठेवला आणि त्यावर थोडे अंतर सोडून एन्लार्जरचाच निगेटिव्ह कॅरियर, म्हणजे निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट, ठेवला. ज्या लेन्समधून प्रकाश निगेटिव्हकडून कागदाकडे जात असे, तिच्यातूनच आता निगेटिव्ह सेन्सरवर येऊ लागली. ३६ मिमी रुंदीची निगेटिव्ह माझ्या सेन्सरच्या साडेतेवीस मिमी रुंदीत बसवायची म्हणजे ०.६५ पट आकार. अशा वेळी निगेटिव्ह आणि सेन्सर यांच्यातले अंतर साधारण २१ सेंटीमीटर येते, म्हणजे बसून आरामात काम करण्याजोगे. त्यासाठी हेलिकॉइड शेवटपर्यंत उघडून वर १० मिमीची एक एक्स्टेन्शन रिंग, म्हणजे लांबी वाढवणारी कडी, घालावी लागली.

पहिल्या दिवशीचे निकाल पाहून मी निराश झालो. धार होती, पण प्रत्येक फोटोच्या मध्यभागी एक फिकट, धुरकट गोल होता. दोन दिवस मी लेन्सलाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी लेन्स काढली आणि नुसत्या नळीतून खिडकीकडे पाहिले, तर हेलिकॉइडची आतली भिंत काळी असूनही ताटासारखी चमकत होती. मॅचिंग सेंटरमधून पाव मीटर काळी मखमल आणली, पट्टी कापून आत चिकटवली आणि तो गोल त्याच संध्याकाळी नाहीसा झाला. निगेटिव्हभोवतीचा उघडा पॅनेलही मी आता काळ्या कार्डशीटने झाकतो. दुधाळपणा लेन्सचा नसून भोवतालच्या उजेडाचा असतो, हे मामांना अर्थातच ठाऊक होते; त्यांच्या डार्करूमच्या दाराच्या फटीला वर्तमानपत्राच्या पट्ट्या डकवलेल्या मला अजून आठवतात.

दुसरी अडचण समतलपणाची होती. या प्रमाणात एफ ५.६ वरही फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट येते ते, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर मिळते, त्यामुळे कॅमेरा केसभर कलला तरी एक कोपरा हातचा जातो. उपाय जुना आहे आणि कोणत्याही लेव्हलपेक्षा खात्रीचा आहे. निगेटिव्हच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि लेन्सला तिचेच प्रतिबिंब दाखवायचे. पडद्यावर भिंगाचा काळा गोल बरोबर मध्यभागी आला की दोन्ही पातळ्या समांतर आहेत असे समजावे. मी वापरतो तो आरसा कुंकवाच्या करंड्याच्या झाकणातला आहे.

फोकस मी दृश्यावर करत नाही, फिल्मच्या दाण्यांवर करतो. पडद्यावर चित्र मोठे केले की रवाळ दाणे दिसू लागतात आणि ते टोकदार झाले की हात थांबवायचा. मामाही कागदावर छोटी दुर्बीण ठेवून दाणेच पाहत असत. ते पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस करून मग ते लहान करत. मला ते करावे लागत नाही, कारण कॅमेऱ्याचा पडदा अंधूक चित्रही उजळून दाखवतो आणि ज्या ॲपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस करता येतो. या कामासाठी एफ ५.६ हेच माझ्या प्रतीचे सर्वोत्तम ॲपर्चर ठरले. ०.६५ पटीला ते प्रत्यक्षात एफ ९ सारखे वागते. ८ वर गेलो की ते १३ होते आणि दाणे किंचित मऊ पडू लागतात. एफ २.८ वर काळ्या कडांना जांभळट झालर दिसते, ४ वर ती जवळजवळ जाते.

निकालाविषयी आकड्यात सांगायचे, तर ६००० पिक्सेल ३६ मिमीवर पसरतात, म्हणजे इंचाला सुमारे ४२०० पिक्सेल. माझ्याकडच्या फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर याहून मोठा आकडा छापलेला आहे, परंतु त्याच्या स्कॅनमध्ये दाणे कधीच दिसले नाहीत, इथे ते कोपऱ्यापर्यंत दिसतात. शिवाय ३६ चित्रांच्या एका रिळाला स्कॅनरवर अख्खी संध्याकाळ जात असे, ते काम आता वीस-पंचवीस मिनिटांत होते. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर काढणे हे मात्र संगणकावरचे वेगळे काम आहे आणि त्यात अजूनही माझे हात बसलेले नाहीत. कृष्णधवल रिळांत हा प्रश्नच येत नाही.

एक निगेटिव्ह तपशिलाने सांगण्यासारखी आहे. १२० फिल्मवरचा (३५ मिमीहून रुंद रिळावरचा) एका नववधूचा चौरस पोर्ट्रेट होता, मुंडावळ्या आणि नथ घातलेला. फिल्मची मंद बाजू, म्हणजे ज्या बाजूला इमल्शन (चित्राचा थर) असते ती, लेन्सकडे ठेवून मी फक्त चेहरा जवळून टिपला (असे केले की चित्र आरशासारखे उलटे येते, ते नंतर संगणकावर फिरवून घ्यावे लागते). मोठे करून पाहिले तर डोळ्यांखाली आणि गालावर स्वल्पविरामासारखे बारीक, आडवे-तिरपे फराटे दिसले. ते मामांच्या पेन्सिलीचे होते. निगेटिव्हवर शिसाचा फराटा ओढला की तेवढा भाग कागदावर उजळ येतो, आणि देवीचे व्रण किंवा डोळ्यांखालची काळी वर्तुळे अशीच पुसली जात. डाव्या गालावर एका इंचाच्या आठव्या भागात मी चाळीसपर्यंत फराटे मोजले आणि मग सोडून दिले. मामांना स्क्रीनवर दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाले, “पेन्सिल बोथट झाली होती रे. तासायला हवी होती.”

आकार एक पटीच्या पुढे न्यायचा, म्हणजे सेन्सरवरचे चित्र वस्तूपेक्षा मोठे पाडायचे असेल, तर लेन्स उलटी बसवावी. कारण सरळ आहे: एन्लार्जरमध्ये लेन्सची आट्याकडची बाजू छोट्या निगेटिव्हकडे आणि पुढची बाजू मोठ्या कागदाकडे असे. मॅक्रोमध्ये, म्हणजे अशा अगदी जवळच्या छायाचित्रणात, छोटी वस्तू समोर असते आणि तिचे मोठे चित्र सेन्सरवर पडते, म्हणून आट्याची बाजू वस्तूकडे गेली पाहिजे. उलटी बसवण्यासाठी पुढच्या आट्याला कडी लागते आणि या जुन्या लेन्सचा तो आटा ३४.५ मिमी या आडमापाचा आहे. ३४.५ वरून ५२ वर नेणारी कडी मिळवायला मला दीड महिना लागला. दोन पटीला लेन्सपासून वस्तू साडेसात सेंटीमीटरच्या आसपास आणि सेन्सर त्याच्या दुप्पट अंतरावर येतो. म्हणजे बेलोज हवेत, भक्कम स्टँड हवा आणि प्रकाश भरपूर हवा. टेबलावर ठेवलेल्या फुलपाखराच्या गळून पडलेल्या पंखावरचे खवले मी असे टिपले आणि ते कौलांसारखे एकावर एक रचलेले स्पष्ट आले. जिवंत किड्यांच्या वाटेला मी गेलो नाही.

सप्टेंबरमध्ये लेन्स सरळ बसवून कासच्या पठारावर नेली. सीतेची आसवे हे निळे-जांभळे फूल करंगळीच्या नखाएवढे, आणि तेही ओल्या कातळावर वाऱ्याने सतत थरथरणारे. फुलांत न शिरता वाटेवरूनच फोटो घ्यावा लागतो आणि ते योग्यच आहे, परंतु ५० मिमीच्या लेन्सने काठावरच्या फुलांपलीकडे काहीच हाती लागत नाही. स्थिरीकरण नाही, ऑटोफोकस नाही. मी हेलिकॉइड एका जागी ठेवून स्वतःच पुढेमागे झुलत राहिलो. ऐंशीपैकी सहा फोटो ठेवण्याजोगे निघाले. त्या सहांत पाकळीवरच्या शिरा ज्या शांतपणे उतरल्या आहेत तशा माझ्या किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत आलेल्या) कधी दिल्या नाहीत, तरीही शेतात-रानात फिरून मॅक्रो करायचे असेल त्याने ९० किंवा १०० मिमीची खरी मॅक्रो लेन्स घ्यावी.

लांबच्या दृश्यांविषयी थोडक्यात. गच्चीवरून अजिंक्यतारा एफ ८ वर कडेपर्यंत नीट येतो; २.८ वर कोपरे ढिले पडतात. सूर्य चौकटीत किंवा चौकटीजवळ आला की सगळे चित्र धुऊन निघते. जी लेन्स आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत खाली मान घालून काम करत होती, तिच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. काळ्या कार्डशीटची नळी करून पुढे लावली की पुष्कळ फरक पडतो. चेहऱ्यांसाठी मी ती दोनदाच वापरली, कारण दोन्ही वेळा बायकोने “इतके खरे नको” असे सांगितले.

विकत घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो. आरशाच्या, म्हणजे डीएसएलआर कॅमेऱ्यावर ५० मिमीची एन्लार्जर लेन्स लांबचा फोकस देणार नाही, कारण आरशाच्या पेटीनेच सगळी जागा खाल्लेली असते. तिथे ८० किंवा १०५ मिमी घ्यावी. श्नायडरची कॉम्पोनॉन-एस आणि रोडेनस्टॉकची रोडागॉन यांची ख्याती आहेच. ज्या लेन्सना ॲपर्चरचे आकडे अंधारात उजळण्यासाठी खिडकी ठेवलेली असते, त्यांच्या त्या खिडकीतून कॅमेऱ्यात उजेड शिरतो. तिथे काळी चिकटपट्टी लावावी. माझ्या जुन्या लेन्सला ती खिडकी नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या लेन्स मोबाइलचा टॉर्च मागून मारून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. ॲपर्चरच्या पातीवरचे थोडे तेल चालेल, भिंगावरची बुरशी चालणार नाही.

सध्या लेन्स दांड्यावरच असते आणि लांबच्या दृश्यांची आखूड हेलिकॉइड मे महिन्यापासून कपाटात आहे. पाच खोक्यांपैकी तीन झाले. चौथ्यात बहुतेक १२० ची रिळे आहेत, त्यासाठी मामांनी माळ्यावरून मोठा निगेटिव्ह कॅरियर शोधून दिला आहे. त्याची एक बिजागरी मोडली आहे, ती आधी डागून घ्यावी लागेल.